मुष्टियुद्धाची कळसाडी पद्धत

१६ ऑगस्ट १९४८, सोमवार. सकाळी.
घरात मी एकटी. सगळे कानबाईच्या विसर्जनाला नदीवर गेले आहेत. मी डोके दुखते म्हणून सांगितले. डोके दुखत नाही. शुक्रवारचा पेपर आज आला आहे आणि तो आबांच्या आधी वाचायचा होता.

लंडनहून भयंकर बातमी. ऑलिंपिकमधल्या मुष्टियुद्धाच्या निकालांवर प्रेक्षक आरडाओरडा करत आहेत. मारणारा हरतो, मार खाणारा जिंकतो. काही पंचांना तर चक्क काढून टाकले आहे. अन्याय मला सहन होत नाही. मी आजवर एकही मुष्टियुद्ध पाहिलेले नाही, त्यामुळे या विषयात माझे मन पूर्ण निःपक्षपाती आहे.

साडेअकरा. तोडगा सुचला. पंचाला मत विचारतात, हीच मूळ चूक. पंचाने मत द्यायचेच नाही. फक्त मोजायचे. एक ठोसा, एक खूण. बेरजेला गाव नसते, जात नसते, मामा-मावशी नसते. लॉजिकमध्ये मला फर्स्ट क्लास होता तो उगीच नाही.

संकल्प: ही पद्धत आधी आपल्या गावात, कळसाडीत सिद्ध करणे. मग लंडनला कळवणे.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
आबा नदीवरून आले तेव्हा खुशीत होते. तेवढ्यात लॉ कॉलेजचा फॉर्म पुढे केला. पालकाची सही हवी आहे. टपालाचा शिक्का ३१ ऑगस्टपर्यंतचा चालतो. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, गावातलीही, बहुधा तापी ते सातपुडा एवढ्या पट्ट्यातली पहिली मुलगी (चौकशी केलेली नाही). आता वकील झाले की देशाचे काम संपत आले.

आबा वीस वर्षे गावचे तंटे मिटवतात. त्यांची पद्धत: बांध कोणाचा हे विचारायचेच नाही, दोघांना आपल्या ओसरीवर शेजारी शेजारी जेवायला बसवायचे. मी त्यांना सांगितले की ही तडजोड झाली, न्याय नव्हे. आबांनी फॉर्म उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाले, "गावमा एक निकाल असा दे, का दोन्ही बाजू पोटभर जेवतीन. मंग सही करसू."

एवढेच? मी तर घाबरले होते.

१७ ऑगस्ट, मंगळवार.
नशीब माझ्या बाजूने आहे. परवाचा स्वातंत्र्यदिन कानबाईच्याच रविवारी आल्यामुळे गावचे खेळ राहून गेले होते. ते आता २९ तारखेला होणार. खेळांची यादी करायचे काम शाळेच्या गिरधर मास्तरांकडे. मी जाऊन यादीच्या शेवटी मुष्टियुद्ध लिहून आले. मास्तरांनी विचारले, लढणार कोण? मी म्हटले, तो तपशील.

तपशील दुपारपर्यंत सुटला. आपला दोधू उसाच्या राखणीला असतो, कुस्त्या मारतो, ताई म्हणेल ते करतो. समोर तळोद्याकडचा दलसिंग. लढाईत पलटणीत होता, तिथे बॉक्सिंग शिकला, हातमोज्यांच्या दोन जोड्या घेऊन परत आला. त्याला चिठ्ठी पाठवली.

गजराकाकू दळता दळता म्हणाल्या, "बी.ए. व्हयनी आन् बुक्क्या मोजाले लागनी." काकूंचे शिक्षण झालेले नाही.

१९ ऑगस्ट, गुरुवार.
दलसिंगचे उत्तर आले. रविवारी स्वतः येतो, दोधूला दोन हात शिकवतो, मग २९ला लढतो. अक्षर सुरेख आहे. त्याचा निकालाशी संबंध नाही.

पंच नेमले: पारावर बसणारे म्हातारे रेवजीबोवा आणि कापसाचे व्यापारी प्रेमचंदशेठ. दोघेही कळसाडीचे. तळोदेकरांनी त्यांचा पंच पाठवायला नकार दिला. निरोप आला की तुमच्या गावात येऊन तुमच्यावर पहारा कसा ठेवायचा. मी या विश्वासाने भारावले.

रेवजीबोवांना लिहिता येत नाही, म्हणून प्रत्येक पंचापुढे दोन वाट्या. डावी दोधूची, उजवी पाहुण्याची. ठोसा नीट बसला की त्याच्या वाटीत एक शेंगदाणा. शेवटी मी बेरीज करणार. इतके सोपे! लंडनला हे कोणाला सुचू नये?

२० ऑगस्ट, शुक्रवार.
शेंगदाण्यांची चाचणी. दोन रेड्यांची टक्कर लावून मोजायला बसवले. रेड्यांनी काहीच केले नाही, तरी रेवजीबोवांनी दोधूचे सात गुण खाल्ले. प्रेमचंदशेठनी पाहुण्याचे चार. बोवा म्हणाले, भाजेल व्हतात ना.

शेंगदाणे रद्द. चिंचोके मंजूर. कच्चे.

हेलसिंकीला १९५२चे ऑलिंपिक आहे. पासपोर्ट कुठे मिळतो ते मास्तरांना विचारणे.

२२ ऑगस्ट, रविवार.
दलसिंग आला. उंच आहे. नमस्कार करताना टाचा जुळवतो. वजन प्रेमचंदशेठच्या कापसाच्या काट्यावर केले. दोधू दोन मण तीन शेर. दलसिंगही दोन मण तीन शेर भरला, पण शेठनी सवयीने ओल म्हणून दोन शेर कडता कापला. मी हरकत घेतली. शेठ म्हणाले, पाऊसपाण्याचे दिवस आहेत. कडता परत मिळवायला अर्धा तास गेला. दलसिंग म्हणत होता, ऱ्हाऊ द्या.

मग खळ्यात रिहर्सल. निरीक्षण: दलसिंग अगदीच कच्चा. दोधूने धावत जाऊन मारले की हा मान हलवून "शाबास" म्हणतो. स्वतः जवळजवळ मारतच नाही. मी मनात मोजले: दोधू अठरा, दलसिंग दोन. पलटणीत यांनी काय केले कोण जाणे.

आता धक्का. वाट्या पाहिल्या. रेवजीबोवा: दोधू शून्य, पाहुणा बावीस. प्रेमचंदशेठ: दोधू शून्य, पाहुणा एकोणीस!

मी बोवांना विचारले, दोधूचा एकही ठोसा दिसला नाही? म्हणाले, सगळे दिसले. "पन पाव्हना शे तो. आपला गावमा ईसन मार बी खावो आन् हारो बी? बरं दिसस का ते?" शेठनी मान डोलावली. वर म्हणाले की पाहुण्याच्या वाटीत काही नसले तर ती रिकामी कशी ठेवायची.

लंडनच्या पंचांनी आपल्या माणसाला जिंकवले असेल. आमचे पंच परक्याला जिंकवतात. पण चूक ती चूक.

२३ ऑगस्ट, सोमवार.
दोन्ही पंचांना तासभर निःपक्षपातीपणा समजावला. तराजूची उपमा दिली, पण शेठसमोर ती द्यायला नको होती. बोवांनी मध्येच तंबाखू मळली. शेवटी उठताना म्हणाले, "पोर चांगलं बोलस." म्हणजे काहीही शिरले नाही. दगडावर पाणी.

२४ ऑगस्ट, मंगळवार. पहाटे.
सापडले! झोपेतून उठून लिहीत आहे. हे पंच चुकतात, पण नेहमी एकाच बाजूला चुकतात. जे घड्याळ रोज बारा तास चुकते, ते बरोबरच असते! म्हणून: पंचांनी खुशाल पाहुण्याच्या वाटीत टाकावे. बेरीज करताना मी वाट्यांची अदलाबदल करीन. पाहुण्याच्या वाटीतले गुण दोधूला, दोधूचे पाहुण्याला. रविवारच्या आकड्यांवर लावून पाहिले: दोधू एक्केचाळीस, दलसिंग शून्य. माझ्या मनातल्या आकड्याशी अगदी जुळत नाही, पण दिशा अचूक.

कोणालाही सांगायचे नाही. पंचांना कळले तर ते खरे मोजू लागतील आणि सगळा घोळ होईल.

नाव दिले: कळसाडी पद्धत.

२५ ऑगस्ट, बुधवार.
लंडनच्या ऑलिंपिक कमिटीला पत्राचा मसुदा. "महोदय, मी एक साधी बी.ए. आहे" इथपासून सुरुवात. 'साधी' नंतर खोडले.

आईने विचारले, दोधू हरला तर? मी म्हटले, शास्त्रात हरणे-जिंकणे नसते. आई म्हणाली, दोधूच्या आईला हे तू सांग.

२७ ऑगस्ट, शुक्रवार.
गोकुळाष्टमी. उपास. उपासाने विचार फार स्वच्छ होतात. पत्र पाच पाने झाले.

आबा रेवजीबोवांशी पारावर हळू आवाजात बोलताना दिसले. मी जवळ गेले तर गप्प झाले. बोवा माझ्याकडे फार गंभीरपणे पाहत होते. बहुतेक गुडघे दुखत असावेत.

२९ ऑगस्ट, रविवार. सकाळी.
ढग आहेत, पाऊस नाही. फॉर्म बाकी सगळा भरून ठेवला. पालकाच्या सहीची जागा मोकळी. आज संध्याकाळी सही, उद्याच्या टपालाने रवाना, एक दिवस शिल्लक.

इंदुरी साडी नेसणार होते. पण ती लाल आहे आणि दोधूचा लंगोटही लाल. पक्षपात दिसेल. पांढरी नेसते.

दलसिंग आला आहे. आमच्याकडेच उतरला. त्याने माझी पद्धत विचारली. मी फक्त हसले.

त्याच दिवशी, सूर्य मावळताना.
हे लिहायला हवे म्हणून लिहिते. क्रमाने लिहिते.

एक. गिरधर मास्तरांनी पहिल्या फेरीला शाळेची घंटा दिली. ती ऐकताच निम्मी मुले सवयीने घरी पळाली. त्यांना परत आणण्यात वेळ गेला.

दोन. दलसिंग कच्चा नव्हता. गेल्या रविवारी तो यजमानांचा मान राखत होता. आज सामना होता, म्हणून तो लढला. मुष्टियुद्ध काय असते ते मी आज पहिल्यांदा पाहिले. दोधू धावत जायचा, तिथे कोणीच नसायचे, आणि मग कुठून तरी ठोसा यायचा. तिसऱ्या फेरीत दोधू खाली बसला आणि थोडा वेळ तिथेच बसून राहिला. जमिनीवर हात थोपटून म्हणाला, आठेच बरं शे.

तीन. वाट्या माझ्याकडे आल्या. रेवजीबोवा: दोधू तीन, पाहुणा एकतीस. शेठ: दोधू दोन, पाहुणा अठ्ठावीस. मला वाटले, पाहा, आजही तोच पाहुणचार! कोणाला वाटेल, मला समोरचे दिसत नव्हते का? दिसत होते. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायचा तर पद्धत कशाला काढायची? मी शांतपणे अदलाबदल केली आणि स्पष्ट आवाजात वाचले: कळसाडीचा दोधू एकोणसाठ, पाहुणा दलसिंग पाच. विजयी, दोधू.

चार. माझे सोमवारचे भाषण यशस्वी झाले होते, हे मला निकाल वाचल्यानंतर कळले.

रेवजीबोवा वाटी घेऊन माझ्यासमोर उभे. रागाने मिशा हलत होत्या. सोमवारपासून त्यांना झोप नव्हती म्हणे. पारावर त्यांनी आबांना विचारले होते की पाहुण्याला हरवणे पाप आहे का, आणि आबा म्हणाले होते, पोरगी सांगस तसं कर. म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यांनी गाव, पाहुणा, मान, सगळे विसरून खरे मोजले. "एकतीस! मी सोता मोजात! आन् तू त्या दोधूले दिधात?"

मग ओरडा सुरू झाला. लंडनला काय झाले असेल याची मला कल्पना आली. पण लंडनला हरलेल्याची माणसे ओरडली असतील. इथे जिंकलेल्याची ओरडत होती! पाहुण्याला आपल्या गावात लुबाडले! कळसाडीचे नाव घालवले! गजराकाकू खळ्याच्या कुडावर चढून ओरडत होत्या की आता तळोद्यात कोणी आपल्याला पाणी विचारणार नाही. प्रेमचंदशेठ सगळ्यांना सांगत होते की या वेळी त्यांनी कडता कापला नव्हता. दोधूची आई तर माझ्याकडे पाहून म्हणाली की मन्हा पोऱ्याले खोटं जिकाडं, आते त्याले पोर कोन दी?

दोधूने हात वर करू दिला नाही. चेहरा माझ्याजवळ आणून म्हणाला, "ताई, मन्हा डोया देखी ले. जिकेल मानूसना असा ऱ्हास का?" डोळा नीट दिसतही नव्हता. सूज होती.

मी दलसिंगकडे वळले. एक शहाणा, शिकलेला माणूस तरी खरे बोलेल. त्याने टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "मीच हारनू, पंचबाई. ऑर्डर म्हणजे ऑर्डर." दोधू म्हणाला, मी हारनू. दलसिंग म्हणाला, ना भाऊ, मी. दोधूने त्याला धरले, मी हारनू म्हणजे मीच! दोघे पुन्हा झोंबले. या वेळी हरण्यासाठी. मास्तरांनी घाबरून घंटा वाजवली. उरलेली मुलेही घरी गेली.

पाच. आबा उठले. दोन मिनिटे लागली. म्हणाले, दलसिंग गेल्या रविवारी दोधूचा उस्ताद होता. उस्ताद-चेल्याची लढत कोणी धरतो का? ही तर परीक्षा होती. दोधूने एकतीस ठोसे खाऊन उभे राहून दाखवले, तो पास. उस्तादाला नारळ, चेल्याला फेटा. चला, पाने वाढली आहेत.

सगळे आमच्या ओसरीवर जेवले. दलसिंग आणि दोधू शेजारी शेजारी. बोवांनी तीनदा कढी घेतली. मी जेवले नाही. हा निकाल नव्हे, तडजोड आहे.

खळ्यातून घरी येताना वाटेतच माझ्या लक्षात आले की आबांनी निकालाचा एकही आकडा विचारला नाही. 'एकतीस' तेवढा वापरला.

३० ऑगस्ट, सोमवार.
सकाळी दलसिंग गेला. जाताना म्हणाला की पलटणीतही त्याने इतका मोठा निकाल ऐकला नव्हता. हे कौतुक आहे असे धरून चालते.

दुपारी आबांकडे अपील. मुद्दा: अट अशी होती की दोन्ही बाजूंनी पोटभर जेवावे. दोन्ही बाजू जेवल्या. कढी संपली. म्हणून सही.

आबांनी विचारले, कोणाच्या निकालानंतर जेवल्या?

मी म्हटले, माझ्या निकालानंतरच. काळाच्या क्रमाने पाहिले तर.

आबांनी फॉर्म परत ठेवला. म्हणाले, उद्यापर्यंत वेळ आहे. तू उद्या तुझाच निकाल दे. पास का नापास, तूच ठरव. मी काही बोलणार नाही. तू पास म्हणशील तर सही करतो.

हे तर फारच सोपे! पास. पत्र लंडनला अजून पाठवलेले नाही. आता पाठवावे का?

३१ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी.
टपालाची मोटार चार वाजता जाते.

निकालपत्र लिहायला घेतले. बाजू एक: हेतू शुद्ध होता. बाजू दोन: दोधूचा डोळा. बाजू एक: भाषण यशस्वी झाले, दोन माणसे जन्मात पहिल्यांदा निःपक्षपाती झाली. बाजू दोन: आणि मी त्यांचेच आकडे उलटे वाचले. बाजू एक: पद्धत तर्कशुद्ध होती. बाजू दोन: रेवजीबोवा काल दिवसभर पारावर आलेच नाहीत. मी बघायला गेले तर कोनाड्याकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, मन्ही गिनती खोटी नव्हती, पोरी. मी म्हटले, हो. आणखी काही बोलले पाहिजे होते.

एक वाजला. पास लिहिले. खोडले. पास लिहिले. त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन 'परंतु' लिहिले. खोडले.

संध्याकाळी.
दुपारी दोन वाजता ओसरीवर सगळे जेवायला बसले तेव्हा उभी राहिले. आबा, आई, गजराकाकू, आणि आबांनी मुद्दाम बोलावलेले रेवजीबोवा. निकालपत्राची पाच पाने हातात होती. ती वाचली नाही. फक्त शेवटचा शब्द सांगितला. नापास.

मला वाटले कोणी तरी हरकत घेईल. कोणी घेतली नाही. बोवांनी माझ्याकडे पाहिले आणि आईला म्हणाले, "वाढ वो, भूक लागनी." आईने वाढले. आबा जेवले. काकू जेवल्या. बोवांनी दोन भाकरी खाल्ल्या. मग मीही बसले आणि जेवले, परवापासून उपाशी होते. ओरडले कोणी नाही. आबा फॉर्मकडे एकदाच पाहून हात धुवायला उठले.

चार वाजता मोटार गेली. तिचा भोंगा ऐकू आला.

फॉर्म ट्रंकेत. लंडनचे पत्रही ट्रंकेत. ट्रंक पलंगाखाली.

१ सप्टेंबर १९४८, बुधवार. सकाळी सात.
दात घासता घासता थांबले. तोंडात राखुंडी तशीच. धावत ओसरीवर.

आबांची अट: असा एक निकाल दे, की दोन्ही बाजू पोटभर जेवतील. काल मी एक निकाल दिला. माझ्याविरुद्ध दिला. तो कोणी उलटवला नाही, कोणी मिटवला नाही, सगळ्यांनी ऐकला आणि सगळे पोटभर जेवले. रेवजीबोवा जेवले. मीसुद्धा जेवले, म्हणजे दोन्ही बाजू झाल्या! म्हणून मी नापास म्हणाले त्याच क्षणी अट पुरी झाली आणि मी पास झाले!

हे सगळे एका दमात सांगितले. आबा पागोटे बांधत होते. बांधता बांधता थांबले, पूर्ण ऐकले, आणि म्हणाले, मुद्दा पक्का आहे, त्यांना तो काल जेवतानाच दिसला होता. पण मुदत कालच संपली. आता पुढच्या वर्षी.

मी विचारले, मग काल का नाही सांगितले? पानावर बसले असताना? चार वाजायच्या आत?

आबांनी पागोट्याचा शेव खोचला, पायात वहाणा सरकवल्या, आणि शेताकडे निघताना म्हणाले, "पंचनी कोन्हाच बाजूले मुद्दा सांगू नही."